तांदळातल्या चिठ्ठ्या

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सामान लागलं एकदाचं. दोन खोल्या, एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. ऊन अकरा ते बारा एवढंच येतं, तेही दारात उभं राहून डोकावल्यासारखं करतं आणि जातं. खारूला सात मिनिटांच्या वाटेवर शाळा मिळाली. ह्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्याला. ह्यांच्या बाबांची खुर्ची बोळात टाकली आहे, तिथून त्यांना येणारा-जाणारा दिसतो. मी पडदे शिवायचं काम घरीच आणते. म्हणजे सगळ्यांना काही ना काही मिळालं आणि माझ्या वाट्याला दुपारचा स्वयंपाक आला.

हसू नकोस. सकाळी डबे भरून दिले की माझी सुटका, असा माझा इतकी वर्षं कारभार होता. इथे साडेबाराला सगळे घरी जेवायला. मशीनवरून मी बाराला उठते. अर्ध्या तासात चौघांचं, गरम, पोटभर आणि स्वस्तात, रोज! बाजार लांब आहे, आठवड्यातून एकदाच जाणं होतं. तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं तीनशे माणसं जेवू घातलीस, मला चौघांचं तेवढं सांग. घरातल्या डब्यांत जे असतं त्यातूनच झालं पाहिजे.

डब्यांवरून आठवलं. स्वयंपाकघरात भिंतीतच बसवलेलं एक उंच कपाट आहे. उघडलं तर आधीच्या बाईचं सगळं तसंच! मसूर, चवळी, शेवया, मीठ, सुक्या मिरच्या, आणि खाली माझ्या कमरेएवढी काचेची बरणी, काठोकाठ तांदळाने भरलेली. दोन वर्षं घर बंद होतं म्हणतात, पण तांदळात एक किडा नाही, जाळं नाही. वास तर आज सकाळी भरल्यासारखा. तांदळावर एक चिठ्ठी होती, जाड तपकिरी कागदाची, कोपरा दोनदा दुमडलेला. पेन्सिलीने, पहिलीतल्या मुलाने लिहावं तसं: ‘चौघांचं. चार मुठी तांदूळ, दोन मुठी मसूर. एकाला तिखट नको.’

चौघांचं हे तिला कसं कळलं, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ‘चार माणसांची घरं काय कमी आहेत?’ खरंच आहे. शिवाय आमच्याकडे सगळे तिखटखाऊ. बाबा तर मिरची तोंडी लावतात.

तुझी,
धाकटी

१० फेब्रुवारी

धाकटे,

बावीस वर्षांत मला कुणी इतक्या उशिरा विचारलं नव्हतं. आता लिहून घे, पुन्हा विचारू नकोस.

एका माणसाला एक मूठ तांदूळ, अर्धी मूठ मसूर. सकाळी मशीनवर बसण्याआधी दोन्ही एकत्र धुऊन भिजत टाक. बाराला कांदा तेलात परत, लसूण ठेचून टाक, त्यावर भिजवलेलं ओत आणि वर दोन बोटं पाणी. वीस मिनिटं. तेवढ्यात ताटं मांड. दुसऱ्या दिवशी चवळी. ती सकाळी उकळत्या पाण्यात घालून झाकण घट्ट लाव आणि भांडं जुन्या पांघरुणात गुंडाळून ठेव, दुपारी निम्मी शिजलेली सापडेल. तिसऱ्या दिवशी शिळा पाव. टोमॅटो आणि लसूण उकळून त्यात पाव मोडून घाल, वर एकेक अंडं फोडून झाकण ठेव. कुणाला शिळा म्हणून सांगू नकोस. चौथ्या दिवशी पुन्हा तांदूळ. लोकांना वाटतं रोज नवं हवं. त्यांना रोज वेळेवर हवं असतं.

तुझी ती आधीची बाई माझ्याच धंद्यातली दिसते. आमच्याकडे हीच पद्धत होती. संध्याकाळी घरी जाताना तांदळाच्या पिंपात वर चिठ्ठी ठेवायची, उद्या किती माणसं आणि कुणाचं काय पथ्य. सकाळच्या बाईला विचारत बसायला नको. उजवा हात कायम ओला नाहीतर पिठाचा, म्हणून चिठ्ठी डाव्या हाताने. सगळ्यांचीच अक्षरं पहिलीतली. नवीन पोतं आलं की जुन्यावरच ओतायचं. कधीतरी खालून महिन्यापूर्वीची चिठ्ठी वर यायची आणि आम्ही हसायचो.

एक लक्षात ठेव, बरणी तळापर्यंत रिकामी करायची नाही. शेवटची मूठ राहू द्यायची आणि त्यावर नवीन ओतायचं.

आमच्याकडे नेहमीचा गोंधळ. मुलगा, सून, नातवंडं, ताटांचा नुसता खणखणाट. बाबांना नमस्कार. खारूला म्हणावं, शेंगदाण्याच्या डब्यावर डल्ला मारू नकोस.

ताई

२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी मसूर सगळ्यांनी ताट चाटून खाल्ली. पांघरुणातली चवळी बघून बाबा म्हणाले, ‘तिला ताप आलाय का?’ मी तुझं नाव सांगितलं, तर म्हणाले, ‘मग बरोबर आहे.’ एक मात्र नवल वाटलं. तीनशे माणसांची तू, आणि प्रमाण एका माणसाचं कशी सांगायला लागलीस?

आता जे लिहिते ते वाचून मला वेड्यात काढू नकोस.

गेल्या सोमवारी बाबांच्या पोटात कळ आली. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? ‘तिखट पूर्ण बंद.’ मला चिठ्ठी आठवली. मग भाडं न्यायला मालकांचा कारकून आला, त्याला त्या बाईबद्दल विचारलं. म्हणाला, ‘कुठली बाई? तुमच्या आधी इथे एक छपाईवाला राहायचा, चूलसुद्धा पेटवत नव्हता. आणि कपाट मी स्वतः झाडून घेतलंय, त्यात काही नव्हतं.’ मी त्याला बरणी दाखवली. त्याने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पावती न देताच जिना उतरून गेला.

काल बाराला तांदूळ काढायला वाटी घातली तर वाटीला कागद लागला. चार बोटं खाली दुसरी चिठ्ठी. तोच कागद, तेच अक्षर: ‘तिघांचं. तीन मुठी तांदूळ, दीड मूठ मसूर.’ मी बोळात वाकून बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत होते, पण तोंड दाराकडे नाही, भिंतीकडे होतं. हाक मारली तर वळले नाहीत. खुर्ची कुणी वळवली ते कळलं नाही, त्यांना एकट्याने ती हलत नाही.

त्यांना दवाखान्यात ठेवलंय. पोटात जखम झाली आहे आणि रक्त गेलंय. काल आम्ही तिघंच जेवायला बसलो. मुठी मोजल्या नव्हत्या, तरी कण उरला नाही.

धाकटी

३ मार्च

धाकटे,

म्हाताऱ्या माणसाचं पोट दुखतं आणि डॉक्टर तिखट बंद करतात, यात भुताटकी कसली? तो कारकून आळशी आहे, त्याने कपाट उघडलंसुद्धा नसेल. पावती मागून घे.

बाबांना उकडलेला बटाटा कुस्करून, मीठ आणि थोडं दूध घालून नेत जा. ते तोंड वाकडं करतील. करू देत.

तरीपण त्यातली एक चिठ्ठी मला पाठव. सहज बघायची आहे. आणि थोडे दिवस तांदूळ दुकानातून आणून वेगळ्या डब्यात ठेव. बरणीला हात लावू नकोस.

आमच्याकडे सगळं नेहमीसारखं.

ताई

१४ मार्च

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसंच केलं. वेगळा डबा, दुकानचे तांदूळ. बरणीला मी हात लावला नव्हता, खारूची शपथ. तरी ती रोज थोडी उतरत होती. मी बाहेरून काचेवर खडूची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तांदूळ रेघेच्या दोन बोटं खाली. हे म्हणाले, तुझा डोळा चुकतोय. त्यांनी दुकानातून मोठा काटा आणला आणि बरणी दोन दिवस त्याच्यावर ठेवली. वजन गुंजभरसुद्धा हललं नाही, आणि तांदूळ मात्र खाली गेले. माझा नवरा काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस. तो काटा उचलून घेऊन गेला.

परवा काचेतूनच तिसरी चिठ्ठी दिसली. अक्षर बाहेरच्या बाजूला होतं, हात न लावता वाचता आलं: ‘दोघींचं. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मसूर.’ दोघांचं नाही गं, दोघींचं. त्याच दुपारी ह्यांना निरोप आला, परगावी गाड्या तोलायचा काटा बिघडलाय, लगेच निघा. पंधरा दिवस तरी लागतील. मी त्यांचा सदरा धरून ठेवला. ते म्हणाले, ‘गेलो नाही तर काम जाईल.’ आणि गेले.

बाबांचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर वयाकडे बोट दाखवतात. मी सकाळी दवाखान्यात, दुपारी घरी. आता घरात खारू आणि मी. दोघी.

ताई, तळाशी आणखी एक चिठ्ठी आहे. काचेतून दुमडलेला कोपरा दिसतो. दोघींच्या खाली काय असणार, हे मोजायला मला बोटं लागत नाहीत. मी पावच आणते आता, चूल पेटवत नाही. काल खारू म्हणाली, ‘आई, मला भात हवा.’ मी हो-ना करत होते तोवर ती बरणीत खांद्यापर्यंत हात घालून उभी. ‘कागद थंड आहे गं,’ म्हणाली. मी तिला इतक्या जोरात ओढलं की तिचा दंड लाल झाला. मग दोघी रडलो. आज तिचं अंग कोमट आहे. ताप नाही म्हणतात शेजारच्या बाई, पण कोमट आहे.

दुसरी चिठ्ठी सोबत पाठवते. मला एकटीला नाही राहायचं, ताई. काहीतरी कर.

धाकटी

१९ मार्च

माझ्या धाकटे,

आधी श्वास घे. मग वाच.

पाकीट उघडलं आणि चिठ्ठी खिडकीशी नेऊन पाहिली. ही चिठ्ठी माझी आहे. कागद साखरेच्या पोत्याच्या अस्तराचा, तो मी अजून कापून ठेवते. कोपरा दोनदा दुमडायची खोड फक्त माझी, एकदा दुमडलेला तांदळात हरवतो म्हणून. हात माझा डावा. तुझ्या शहरात मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही, आणि ‘तिघांचं’ अशी चिठ्ठी मी कधी लिहिलेली नाही. माझी माणसं कायम शेकड्यांनी. पण हात माझाच आहे, तो कसा नाकारू?

मी तुझ्याशी खोटं बोलले. इथे गोंधळ नाही. मुलगा आणि सून जानेवारीतच दूर देशी गेले, मुलांना घेऊन. न्यायला तयार होते, मीच नाही म्हटलं, त्यांच्या दोन खोल्यांत माझी अडगळ नको म्हणून. तुला कळवलं असतं तर तू घर लावायचं सोडून इकडे धावत आली असतीस. ते गेले त्या संध्याकाळी सवयीने चिठ्ठी लिहिली आणि माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवली. कॅन्टीनमध्ये चिठ्ठीत स्वयंपाकीण स्वतःला मोजत नाही. तिचं शेवटी, उरलं तर. त्या दिवशी मोजायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदा स्वतःला मोजलं. लिहिलं, ‘एकटीचं. एक मूठ तांदूळ, अर्धी मूठ मसूर.’ तुझं पत्र वाचून काल डबा पालथा केला. चिठ्ठी त्यात नाही.

तुझ्या बरणीच्या तळाला ती आहे. मला खात्री आहे. ती ‘एकटीचं’ माझी आहे गं, तुझी नाही.

आणि आता कॅन्टीनवालीचं ऐक. पिंपात पहिल्यांदा पडतं ते तळाला असतं. तू वरून खाली वाचत आलीस, म्हणून तुला वाटलं माणसं कमी होत चालली आहेत. चिठ्ठ्या खालून वर लागतात. आधी एकटीचं. मग दोघींचं, तिघांचं, चौघांचं. हे चौघं कोण ते मला अजून उमगत नाही, आणि उमगल्यासारखं वाटलं की भीती वाटते. पण माणसं वाढत गेलीत एवढं नक्की.

तळाची चिठ्ठी काढ. मी लिहिलेलंच त्यात असेल तर लगेच कळव. खारूला भात घाल.

ताई

२४ मार्च

ताई,

दुपारी बाराला, ऊन आत असताना काढली. खारूला शेजारी बसवलं होतं. हात घातला तर तांदूळ खरंच थंड होते, विहिरीत हात घातल्यासारखे. तुझे शब्द जसेच्या तसे. पण तू मला सगळं सांगितलं नाहीस. खाली आणखी एक ओळ आहे: ‘घास गिळत नाही.’

ही ओळ तू माझ्यापासून लपवलीस आणि बरणीने सांगितली. दीड महिना तू मला गरम जेवण कसं करायचं ते लिहीत होतीस, आणि तुला स्वतःला घास जात नव्हता! मला तुझा इतका राग आलाय की मी आज दोन पडदे उलटे शिवले.

आता माझं ऐक. चौघं कोण ते मला उमगलं, कारण तूच सांगितलंस. स्वयंपाकीण स्वतःला मोजत नाही. मग दोघींचं म्हणजे मी आणि खारू, शिजवणारी तू. तिघांचं म्हणजे हे परत आले. चौघांचं, एकाला तिखट नको, म्हणजे बाबा घरी आले, ताई! बाबा घरी येऊन जेवायला बसले! त्या चिठ्ठ्या तुझ्या हातच्या आहेत आणि तू अजून लिहिलेल्या नाहीस. म्हणजे लिहायच्या राहिल्या आहेत. तू आली नाहीस तर कोण लिहिणार?

मला भीती वाटते ती आता याचीच. तीन चिठ्ठ्या मी मशीनच्या खणात ठेवल्या होत्या. आत्ता पाहिलं तर पेन्सिल पुसट होत चालली आहे. ‘चौघांचं’मधला पहिला शब्द तेवढा दिसतो. तिखटाची ओळ गेली. परवा बाबांचं ऑपरेशन आहे.

तांदूळ उतरता उतरता मूठभरच उरले आहेत, ती शेवटची मूठ बरणीत ठेवली आहे, तुझ्या नियमाप्रमाणे. वर मी काही ओतलेलं नाही. ते तू ओत. सामान बांधत बसू नकोस, निघ.

धाकटी

२५ मार्च

धाकटे,

तू तातडीने माणसाच्या हाती धाडलेलं पत्र सकाळी आलं. तू मला पाठवलेली चिठ्ठी काढून पाहिली, ती कोरी आहे. फक्त घडी उरली आहे.

गाडी तासाभराने आहे. हे पत्र बहुधा माझ्या मागून पोचेल, पण लिहिल्याशिवाय निघवेना. पिशवीत एक लुगडं, चष्मा, पेन्सिल आणि साखरेच्या पोत्याचं सगळं अस्तर घेतलंय. माझ्या डब्यातली शेवटची मूठ फडक्यात बांधली आहे, ती तुझ्या मुठीवर घालू. दाराला कुलूप लावलं तेव्हा आत ताटांचा खणखणाट झाल्यासारखा वाटला. मी परत उघडून बघितलं नाही.

मसूर भिजत टाक. दोघींचं टाक, मी आल्यावर बघू.

ताई

(तांदळाच्या बरणीत, नव्या तांदळावर, पेन्सिलीने, डाव्या हाताने)

१८ एप्रिल. पाचजणांचं. पाच मुठी तांदूळ, अडीच मुठी मसूर. एकाला तिखट नको. स्वयंपाकीण धरून.